मुलीची एफडी मोडून हॅसलब्लाड घ्यावा का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४२, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगी नववीत. घरखर्च महिन्याला ५५,००० रुपये, बचत खात्यात १,२०,००० आणि मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली ४ लाखांची एफडी. ती मोडून त्यांना मुंबईच्या एका विक्रेत्याकडचा जुना हॅसलब्लाड ५००सी/एम हा फिल्मचा कॅमेरा घ्यायचा आहे. ८० एमएमची लेन्स आणि एक मॅगझिन (फिल्म भरायची मागची डबी) धरून भाव २,२०,०००. दुसरा पर्याय मामिया आरबी ६७ हा कॅमेरा, एका लेन्ससह ८५,०००. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे फिल्मवर कृष्णधवल फोटो काढायचे आणि एका बैठकीचे ५,००० रुपये घ्यायचे, असा बेत आहे. त्यांचा प्रश्न असा: "या कॅमेऱ्यांचे भाव वाढतच चाललेत, मग ही गुंतवणूकच झाली ना?"

आधी उत्तर देतो. कॅमेरा घ्या, पण मामिया घ्या, आणि एफडीला हात लावू नका.

तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पुरातत्त्व खात्याने सांभाळला, म्हणून त्यातली भित्तिचित्रं आज बघता येतात. बाकीच्या वाड्यांना असा वाली नाही. चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी गुजरातच्या खेड्यापाड्यांतली भिंतींवरची चित्रं आणि रांगोळ्या कॅमेऱ्यात टिपून ठेवल्या, त्या आज ठेवा झाल्या आहेत. तुम्ही माणसांसकट वाडे टिपणार असाल, तर त्यासाठी घरातले पैसे खर्च होणं मला वावगं वाटत नाही. फक्त त्याला खर्च म्हणा. गुंतवणूक म्हटलं की हात सैल सुटतो.

५००सी/एम १९७० साली आला आणि त्या मालिकेतला शेवटचा कॅमेराही २०१३ साली बंद झाला. भाव चढलेत हे खरं. पण या वस्तूवर व्याज मिळत नाही, सुटे भाग दरवर्षी दुर्मिळ होत जातात, आणि विकायला गेलात की विक्रेता आपला नफा कापूनच भाव देतो. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: स्वतःच्या वापरातला कॅमेरा पुढे नफ्यात विकला तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र धंद्याच्या हिशेबात दाखवून त्यावर घसारा घेतलात, तर ही सवलत राहत नाही.

आता खरा खर्च बघा. तुम्हीच लिहिलंय की १२० आकाराचा इल्फर्ड एचपी५ हा कृष्णधवल फिल्मचा रोल ९५० ला पडतो आणि धुणं, स्कॅन, कुरियर मिळून ५५० लागतात. म्हणजे रोलमागे १,५००. हॅसलब्लाडमध्ये एका रोलवर १२ फोटो येतात, मामियात १०; फोटोमागे १२५ किंवा १५०. महिन्याला दोन रोल धरले तर वर्षाला ३६,००० आणि पाच वर्षांत १,८०,०००, तेही भाव वाढले नाहीत तर. आणि फिल्मचे भाव गेली काही वर्षं वाढतच आलेत. कॅमेऱ्याचे पैसे विकल्यावर बरेचसे परत येतात, वापरलेल्या रोलचे येत नाहीत. म्हणून कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मला या ३६,००० ची काळजी जास्त आहे. दोन कॅमेऱ्यांतला फरक १,३५,००० चा, म्हणजे ९० रोल. तेवढ्यात मामियावर ९०० फोटो होतात.

बैठकीचे ५,००० कुठून आले ते पत्रात नाही, पण ते पुरणार नाहीत. एका कुटुंबाला तीन रोल लागले तर ४,५०० तिथेच गेले. प्रिंट, येणं-जाणं, तुमचा अख्खा रविवार, सगळं उरलेल्या ५०० रुपयांत? १२,००० च्या खाली हे काम परवडत नाही. कॅमेरा घेण्याआधी हाच आकडा सांगून तीन कुटुंबांकडून आगाऊ रक्कम घेऊन बघा. नाही मिळाली तर हा छंद आहे असं धरून चाला, मग महिन्याला एकच रोल.

तुमच्या कामाला मामिया कमी पडत नाही. तो जड आहे, गळ्यात अडकवून दिवसभर फिरण्याचा नव्हे. पण वाड्याच्या चौकात ट्रायपॉडवर त्याचं वजन कुणाला जाणवतं? मागचा भाग फिरवला की आडव्याचा उभा फोटो होतो, कॅमेरा कलता करावा लागत नाही. बॅटरी लागत नाही. शटर लेन्समध्येच असल्याने कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळतो. अंधाऱ्या माजघरात ते कामाला येतं.

पैसे देण्याआधी लेन्समधून टॉर्च मारून बुरशी आहे का पाहा. आपल्या पावसाळ्यात ती पसरते. एक सेकंदाचं शटर सोडून कान द्या, अडखळलं तर सर्व्हिसिंगचा खर्च धरा. मॅगझिनचा फोम चिकट होऊन झडला असेल तर फोटोवर उजेडाचे पट्टे येतात. तो बदलणं स्वस्त आहे, त्यावर भाव पाडून मागा. परदेशातून मागवण्याचा मोह झाला तर कस्टम ड्युटी वस्तूच्या किमतीवरच नव्हे, वाहतूक आणि विमा धरून लागते, हे ध्यानात ठेवा.

एफडीचं कारण साधं आहे. सहा महिन्यांच्या घरखर्चाला ३,३०,००० लागतात, तुमच्याकडे जेमतेम दोन महिन्यांचे आहेत. नोकरीत काही झालं तर आज ती एफडीच तुमचा आधार आहे, आणि मुलीच्या कॉलेजला तीन-चारच वर्षं उरलीत. शिवाय मुदतीआधी मोडलीत तर बहुतेक बँका व्याजही कापतात.

दिवाळीच्या बोनसमधून मामिया घ्या. तोवर महिन्याला ३,००० वेगळ्या खात्यात टाकत जा. रोल त्याच खात्यातून, खातं रिकामं तर त्या महिन्यात रोल नाही. दुसरी लेन्स वर्षभर घ्यायची नाही. कृष्णधवल फिल्म घरी धुवायला शिकलात तर रोलमागचा खर्च बराच उतरेल, मात्र डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, साधारण २० अंशांवर ठेवायचा असतो आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून खूपच गरम येतं, तेव्हा बर्फाची सोय करा. विक्रेता क्रेडिट कार्डावर द्यायला तयार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पूर्ण बिल एकरकमी फेडणार असाल तरच घ्या, नाहीतर थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं.