नाम्पुलाला निघण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मोझांबिकमधल्या नाम्पुलाच्या लुरिओ विद्यापीठाने वर्षभर ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं आपलं शास्त्र, शिकवायला बोलावलंय, हे कळल्यावर तुझं पत्र दोनदा वाचलं. फार आनंद झाला. कोणती पुस्तकं नेऊ, असं विचारलंयस. पुस्तकांचं नंतर बघू, आधी पोर्तुगीजला लाग. मोझांबिकमध्ये वर्ग पोर्तुगीजमध्ये चालतो आणि नाम्पुलात तपासणीला आलेली आजी बोलते मखुवा, ही तिथली स्थानिक भाषा. जव्हारच्या शिबिरात त्या वारली आजोबांना तू पुणेरी मराठीत विचारत होतीस, "आधीचं बरं की आताचं?" आणि ते नुसतेच हसून मान हलवत होते, आठवतंय ना? शेवटी त्यांच्या नातीने विचारलं तेव्हा कुठे नंबर निघाला. तिथे असे आजोबा रोज भेटतील. गोव्यात पोर्तुगीज शिकवणारे अजून आहेत, दोन महिने तिकडे जाऊन राहा. मखुवा मात्र तुझ्या विद्यार्थ्यांकडूनच शीक.

हा अभ्यासक्रम कसा उभा राहिला, तेही समजून घे. मोझांबिकमधला ऑप्टोमेट्रीचा पहिला पदवी अभ्यासक्रम २००९ मध्ये याच लुरिओ विद्यापीठात सुरू झाला. डब्लिनची तंत्रशिक्षण संस्था, अल्स्टर विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाच्या ब्रायन होल्डन यांची संस्था, अशा तिघांनी त्याला हात दिला. देशात ऑप्टोमेट्री शिकवणारेच नव्हते, म्हणून बाहेरून माणसं आणावी लागली. तूही त्याच वाटेने चालली आहेस. तेव्हा तुझा तास पुढे तिथलंच कोणी घेईल, या हिशेबाने पहिल्या दिवसापासून एखाद्या तरुण सहकाऱ्याला शेजारी बसव. अर्धा तास त्याला घेऊ दे. चुकला तर मुलांसमोर टोकू नकोस.

आपल्याकडेही बाहेरची मदत आलीच होती. १९८५ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालयाने एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केलं, तेव्हा अमेरिकेतल्या बर्कलेच्या ऑप्टोमेट्री स्कूलचे डीन जे एनॉख पाठीशी होते. पण शाळा चालवली ती इथल्या माणसांनी, म्हणून ती टिकली.

याउलट झालेलंही मी पाहिलंय. मी शिकत होते तेव्हा परदेशातून एक पाहुणे आले, पंधरा दिवस फोरॉप्टरवर, म्हणजे डोळ्यांपुढे भिंगं बदलत नंबर काढायच्या मशीनवर, सुरेख शिकवून गेले. मशीन भेट म्हणून ठेवून गेले. काही महिन्यांत त्यातला एक भाग बिघडला, तो इथे मिळेना, आणि मशीनवर कापड पडलं ते पडलंच. मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. त्याच वर्षी आमच्या बाईंनी रेटिनोस्कोपी शिकवली, म्हणजे हातातल्या रेटिनोस्कोपने डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढणं. सुतळीला सहासष्ट सेंटिमीटरवर गाठ मारली. एक टोक रेटिनोस्कोपला बांधलं आणि गाठ समोरच्याच्या गालाशी धरायला लावली. सुतळी सैल पडली की समजायचं, आपण पुढे झुकलो. मग त्या अंतरासाठी ठरलेला दीड नंबर वजा करूनही उत्तर चुकणार. महिन्याभरात आमचे हात त्या अंतरावर आपोआप थांबायला लागले. सुतळी काढून टाकली तरी थांबायचे.

तिथे काय नेऊ, काय दान मिळवू, याची यादी करशील तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे लिही: बिघडली तर नाम्पुलातच दुरुस्त होईल का? उत्तर नाही असेल तर ती वस्तू खोडून टाक. आणि करारात एक कलम मागून घे, की वर्षाअखेर तिथला एक शिक्षक महिनाभर आपल्या ओपीडीत येईल. लाजू नकोस, मागच.

सोबत सुतळी पाठवते आहे. बाईंचीच आहे. निघण्याआधी गाठ एकदा मोजून घे, इतक्या वर्षांत थोडी सरकली असेल.

तुझी,
मॅडम