‘मॅडम, यायच्या घरी काहीही खातात’

वऱ्हाडीत ‘यायच्या’ म्हणजे ‘यांच्या’. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता दारातून येणारीचा चेहरा बघूनच ओळखते. भंडाऱ्याकडे तळ्याकाठच्या घरात सून म्हणून गेलेली मुलगी खेकड्यांबद्दल बोलते. नागपूरच्या वसतिगृहातली मुलगी खोलीतल्या दुसरीच्या सुकटीबद्दल. एका बापाला जावयाच्या घरी डुक्कर चालतं हे लग्नानंतर कळलं. गृहस्थ स्वतः दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांगेत उभे असायचे. प्राणी बदलतो, ‘काहीही’ हा शब्द बदलत नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला मी महिन्यातून दोन शनिवार समुपदेशनाला बसते. तिथं आलेल्या एका जोडप्याची ही गोष्ट. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वैशाली अमरावती जिल्ह्यातली. घर महानुभाव पंथाचं, रिद्धपूरच्या वाऱ्या करणारं. मांस तर सोडाच, अंड्याचं नावसुद्धा घरात कुणी काढत नसे. नर्सची नोकरी लागून ती इकडे आली आणि विनोदच्या प्रेमात पडली. विनोद माडिया आदिवासी, भामरागडकडचा, आश्रमशाळेत शिकून शिक्षक झालेला. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरात चार वर्षांची पिहू. दोघांत ठरलं होतं की घरात शाकाहारच शिजेल, आणि विनोदनं ते पाळलंही होतं.

डिसेंबरात धान कापून झालं आणि पिहू आठवडाभर आजीकडे राहिली. धान निघाल्यावर बांधातली बिळं खणून उंदीर काढतात. हंगामभर धानावरच पोसलेले, अंगानं भरलेले. आजीनं चुलीच्या निखाऱ्यावर भाजून नातीला दिला. पोरीला आवडला. घरी आल्यावर तिनं रविवारी अमरावतीच्या आजोबांना फोनवर रीतीप्रमाणे ‘दंडवत’ घातला आणि त्याच दमात सांगितलं, ‘आजोबा, मी उंदीर खाल्ला!’

पलीकडून फोन ठेवला गेला. मग तीन महिने त्या घरातून फोन आला नाही.

वैशाली एरवी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलते, पण राग आला की वऱ्हाडीवर येते. पहिल्या दिवशी ती सगळा वेळ वऱ्हाडीच बोलली. ‘मॅडम, मले तं आता लेकराचा पापा घ्यायची बी हिंमत होत नाही. यायच्या घरी काहीही खातात. मुंग्यायची चटणी करतात, मुंग्यायची!’

विनोद शेजारी मान खाली घालून बसला होता. मी विचारलं, ‘तुम्हीही खाता?’ तो म्हणाला, ‘उंदीर? लहानपणी खायचो.’ आणि मग एकदम म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही आत्ता नाक आक्रसलंत.’

आक्रसलं होतं. मी नागपूरची. सावजीचा काळा, तर्रीदार रस्सा बोटं चाटून खाणारी, स्वतःला सर्वभक्षी म्हणवून घेणारी. इतक्या वर्षांचा सराव आणि नाकाच्या शेंड्यानं मला दगा दिला. मी त्याची माफी मागितली. नंतर मागे वळून बघताना वाटतं, त्या माफीनं जे काम केलं ते पुढच्या तीन बैठकींनी मिळूनही केलं नाही.

कारण त्या तीन बैठकींत मी शहाणपणा केला. अन्न आणि शेती संघटनेच्या २०१३च्या अहवालानुसार जगात किमान दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटक आहेत, हे सांगितलं. ओडिशातल्या मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगितलं. वैशालीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘प्रमाणपत्र पाहून मळमळ थांबते का, मॅडम?’

नाही थांबत. खरं तर हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळाच्या रसात बुडवून बाहेर काढायचं आणि तो रस लोकांपुढे ठेवायचा. झुरळावर एकही जंतू नाही हे कळूनही लोक तो रस प्यायला तयार होईनात. वैशालीचं भांड्यांचं तसंच होतं. सासूनं दिवाळीत दिलेला एक जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, तिनं राखेनं तीनदा घासला, उकळत्या पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला, आणि शेवटी अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला ठेवून दिला. त्यात कधी काय शिजलं होतं, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

किळस ही अशी गोष्ट आहे. ती वाद घालून येत नाही, म्हणून वाद घालून जातही नाही. तान्हं मूल मुंगी, माती, चप्पल, सगळं तोंडात घालतं. ‘छी’ ते आपल्या चेहऱ्यांवरून शिकतं, आणि एकदा शिकलं की ते अंगात मुरतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी कधीच ‘किळस सोडा’ असं सांगत नाही. भावनेमागचा विचार तपासायला शिकवणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या वाटेनं जाणारी मी. मला बघायचं असतं ते माणूस किळशीवरून पुढे कुठं चढतो ते. ‘मला हे नको’ ही पहिली पायरी, आणि तिथं कुणाचं काही बिघडत नाही. ‘हे माझ्यासमोर होताच कामा नये’ इथं श्वास अडकायला लागतो. ‘हे खाणारी माणसंच तसली’ इथं घर मोडतं. वैशाली तिसरीवर उभी होती आणि आपण पहिलीवरच आहोत असं तिला मनापासून वाटत होतं.

एकदा ती म्हणाली, ‘गाडगेबाबा पण तं म्हणत, जीव मारू नका.’ म्हणत, खरंच. पण बाबांनी सुरुवात स्वतःच्या मुलीच्या बारशापासून केली. मटण आणि दारूचा रिवाज मोडून गोडाचं जेवण घातलं आणि स्वतःच्याच भाऊबंदांचे बोल खाल्ले. दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन झाकण उचललं नाही. हे मी तिला जरा झोंबेल असंच बोलले. झोंबलं.

विनोदचं वेगळंच निघालं. त्यानं गेली बारा वर्षं उंदराला हात लावला नव्हता. वसतिगृहात मुलं त्याला ‘उंदीरखाऊ’ म्हणायची. सुट्टीहून परतताना आईनं बांधून दिलेली पुडी तो बसस्टँडवरच्या कुत्र्यांपुढे टाकायचा. हे सांगताना तो शिक्षक राहिला नाही, पाचवीतला पोरगा झाला. ‘वैशाली छी म्हणाली ना, तेव्हा तिला मारावंसं नाही वाटलं. मला वाटलं, हिला कळलं. मी कोण आहे ते हिला कळलं.’ वैशालीनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. आपल्याकडे ताटावरून माणसाची पायरी ठरवायची खोड फार जुनी आहे. ज्याची पायरी खालची ठरते, तो जेवण विसरतो, पायरी विसरत नाही.

इथं एक गोष्ट आडवळणानं सांगून टाकते, कारण लोक तीही विचारतात. कायदा ही वेगळी रेघ आहे. घोरपड, कासव, ससा, रानडुक्कर यांची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. राज्यात गाय कापायला १९७६च्या कायद्यानं बंदी आहे, २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. तिथं ‘आमची परंपरा’ हे उत्तर चालत नाही, आणि मीही चालवून घेत नाही. पण किळशीला कायद्याचा वेष घालून आणू नका. शेतातल्या उंदरावरून कुणी पोलीस पाटलाकडे जात नाही.

एका शनिवारी विनोदची आई सोबत आली. मराठी कळतं, बोलताना अडखळते. मी चहा मागवला. तिनं दुधाचा कप बाजूला सारून काळा मागितला, मी देववला. मनात नोंद केली: गरिबीची सवय. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता बंद झाला आणि आमच्या बैठकीही थांबल्या. म्हातारी लेकाकडेच अडकली, त्यात तापानं फणफणली. वैशालीनं औषधपाणी सगळं केलं. नर्सच ती. ताप उतरला त्याच आठवड्यात शेजारच्या गवळ्याची गाय व्याली आणि त्यानं चीक आणून दिला. वैशालीनं गूळ, वेलची घालून खरवस वाफवला. तिच्या माहेरी आजारातून उठलेल्या माणसाला हाच पहिला घास. सहा वर्षांत सासूसाठी तिनं मनापासून केलेला हा पहिला पदार्थ होता. वडी थरथरती, जाळी पडलेली, अगदी आईसारखी जमलेली. तिनं वाटी पुढं केली.

म्हातारीनं विचारलं, हे काय. वैशालीनं सांगितलं. म्हातारीनं वाटी हातानं लांब ढकलली आणि तिचं नाक आक्रसलं.

सप्टेंबरात हे सांगताना वैशाली तो चेहरा करून दाखवत होती. ‘हुबेहूब असा, मॅडम. माझाच चेहरा पायला मी. आरशात पायल्यावानी.’

त्यांच्याकडे जुन्या माणसांत गाईचं दूध काढायचीच रीत नाही. दूध वासराचं. म्हातारी विनोदला आपल्या बोलीत जे म्हणाली ते त्यानं घाबरत घाबरत मराठीत सांगितलं होतं: ‘आत्ताच जन्मलेल्या पिल्लाच्या तोंडचं काढून ही शिजवते? ही माणसं काहीही खातात.’

मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला खुर्चीतून उठून टाळी वाजवावीशी वाटली. नऊ महिने मी जे शब्दांनी करत होते ते एका वाटीनं केलं. पण टाळी मनातच ठेवली आणि फक्त विचारलं, ‘मग तुम्हाला काय वाटलं?’

‘आधी रडायला आलं. इतकं जीव लावून केलं आन् हिनं छी केलं. मग वाटलं, पिहूले उंदीर भाजून देताना यायनंही जीवच लावला असंल.’ बराच वेळ ती बोलली नाही. नखानं टेबलाचा कोपरा खरवडत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, मी यायले खरवस खायला लावू शकत नाही ना?’

‘तुम्हाला लावावासा वाटतो?’

‘नाही. पण मी वाईट बाई आहे असं यायनं समजू नये.’

त्याच दिवशी विनोदनं आणखी एक सांगितलं. त्यांच्या कुळात कासव चालत नाही. गोंड-माडियांत कुळाकुळाचं असं एखादं झाड नाहीतर प्राणी असतो, त्याला धक्का लावत नाहीत. एकदा पुरात वाहून आलेलं कासव कुणीतरी पकडलं होतं, तर आईनं ते मागून घेऊन पुन्हा पाण्यात सोडलं आणि दिवसभर तोंडात घास घातला नाही. वैशाली ऐकत राहिली. तिला आपलं माहेर आठवलं असावं, पण ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी ‘काहीही’ म्हणालं की मी एकच काम देते. समोरच्या घरात काय काय खात नाहीत ते विचारून या. खाण्याची यादी सगळ्यांना पाठ असते, न खाण्याची कुणी विचारलेलीच नसते. आजवर एकही घर असं निघालं नाही की जिथं काहीही चालतं.

बाकीचं घरगुती निघालं, आणि तेच टिकतं. आजीची चूल अंगणात, तिची भांडी तिची. पिहू आजीकडे काय खाते हे लपवायचं नाही आणि वदवून घ्यायचं नाही. ‘छी’ हा शब्द दोन्ही बाजूंनी बंद, नको असेल तर नुसतं ‘मला नको’. आणि अमरावतीच्या आजोबांशी पिहूनं नाही, वैशालीनं बोलायचं. ते अजून पुरतं जमलेलं नाही. फोन येतो, पण ‘दंडवत’च्या पुढं दोन वाक्यं. म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो. कदाचित लागतच राहील. तो गंज मात्र अजून तुळशीपाशीच आहे, आणि मी तो आत आणायला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिघंही आले. म्हातारीनं पदराखालून पळसाच्या पानाची पुडी काढून टेबलावर ठेवली. लाल मुंग्यांची चटणी, माझ्यासाठी. विनोद खिडकीबाहेर बघायला लागला. वैशाली सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

मी बोटाच्या टोकावर घेतली. आंबट, कैरीपेक्षा जहाल, मागून मिरची. नाकाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण म्हातारी हसली.

‘उंदीर असता तर, मॅडम?’ वैशालीनं विचारलं.

‘नसता खाल्ला,’ मी म्हणाले. ‘मला नको म्हणाले असते.’

विनोदनं ते आईला माडियात सांगितलं. तिनं मान डोलावली आणि काळ्या चहाचा कप हातात घेतला.