वाचकांचे प्रश्न : नळ बंद पडण्यापूर्वी

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठची उपसा केंद्रे बुडाली आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापुरात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते. २०२१ मध्येही तेच झाले. आता काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आली आहे आणि घरात आरओ यंत्रही आहे. आम्ही पाच जण आहोत, त्यांत एक तान्हे बाळ आहे. तरीही पाण्याचा साठा करावा का, आणि किती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : साठा अवश्य करावा. थेट पाइपलाइनमुळे नदीकाठच्या केंद्रांवरची भिस्त कमी झाली हे खरे असले, तरी धरणातले पाणीही वीजपंपांनीच उचलावे लागते आणि ते पन्नासएक किलोमीटर अंतर कापून शहरात येते. मध्ये वीज गेली किंवा वाहिनी फुटली की नळ बंद पडणारच. आरओ यंत्रालाही वीज आणि पाण्याचा दाब लागतो, शिवाय ते आत घेतलेल्या पाण्याचा बराचसा भाग मोरीत सोडते, त्यामुळे टंचाईच्या दिवसांत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरावे. म्हणजे पाच जणांच्या तीन दिवसांसाठी साठ लिटर, अर्थात वीस लिटरचे तीन कॅन पुरतात. आठवड्याचा साठा करता आला तर उत्तमच, परंतु धुण्याभांड्याचे पाणी पूर्णपणे वेगळे ठेवावे. दोन्हींसाठी एकच पिंप ठेवले, तर पिण्याचे पाणी पहिल्या दिवशीच संपते असा बहुतेक घरांचा अनुभव आहे. जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला जुने पाणी वापरून कॅन घासून पुन्हा भरावेत. ज्यात पूर्वी रंग, कीटकनाशक किंवा अन्य रसायन होते ते पिंप कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नये.

माझ्या मते साठ्याच्या आकड्यापेक्षा पाणी काढण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे. आपण हंड्यात तांब्या बुडवतो तेव्हा त्याचा काठ धरणारी बोटेही पाण्यात जातात, आणि घरात एकालाही जुलाब होत असले तर तेवढ्यानेच शुद्ध केलेले सगळे पाणी दूषित होऊ शकते. म्हणून तोटीचे भांडे वापरावे. ते नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे झाकणावर टांगून ठेवावे. बाळाच्या दुधासाठी मात्र उकळलेले पाणीच घ्यावे.

प्रश्न : आमच्या गावात विहिरीचे पाणी येते. पूर आल्यावर ते गढूळ होते. तुरटी फिरवून, फडक्याने गाळून तांब्याच्या हंड्यात ठेवले तर चालेल का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : एवढ्यावर भागत नाही. तुरटीने गाळ तळाशी बसतो, पण सर्व जंतू मरत नाहीत. जुन्या सुती साडीचे चार पदर करून पाणी गाळल्याने बांगलादेशातील खेड्यांत पटकीचे (कॉलऱ्याचे) रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. तेथे पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि म्हणून कापडावर अडतात. कावीळ किंवा जुलाब घडवणारे विषाणू मात्र त्यातून सहज निसटतात. तांब्याच्या भांड्यावर तर पुराच्या पाण्याचा भरवसा मुळीच ठेवू नये.

तुरटी आणि गाळणे या पहिल्या पायऱ्या समजाव्यात, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर गाळातच खर्ची पडतो. निवळलेले पाणी एक तर खळखळ उकळी फुटल्यावर आणखी किमान एक मिनिट उकळावे, नाहीतर त्यात आरोग्य कर्मचारी देतात ते द्रव क्लोरीन किंवा गोळी, वेष्टनावरील प्रमाणानुसारच, घालून अर्धा तास झाकून ठेवावे. अर्ध्या तासानंतर क्लोरीनचा किंचित वास यायला हवा. उकळलेल्या पाण्यात नंतर शिरणाऱ्या जंतूंना अटकाव करणारे काहीच उरत नाही, म्हणून ते त्याच दिवशी संपवावे. उन्हात बाटल्या ठेवून पाणी शुद्ध करण्याची युक्ती चांगली आहे खरी, पण पूर येतो तेव्हा ऊन कुठून आणायचे?

ज्या विहिरीत पुराचे पाणी शिरले, ती उपसून, साफ करून, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून आणि नमुना तपासून झाल्याशिवाय तिचे पाणी पिऊ नये. ही पावडर ओलसर कोपऱ्यात उघडी पडली की निकामी होते, म्हणून पोते नुसते शिल्लक आहे एवढ्याने समाधान मानू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला आपल्या घरच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी चाचणी, करून दाखवायला सांगावे. नमुन्याला पिवळी छटा आली नाही, तर क्लोरीन आपल्यापर्यंत पोचत नाही असे समजावे.

प्रश्न : सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत रस्त्यावरचे पाणी शिरले तर उकळून वापरता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात; रस्त्यावरचे तेल आणि रसायने तशीच राहतात. प्रथम गच्चीवरच्या टाकीकडे पाणी चढवणारा पंप बंद करावा, मग टाकी रिकामी करून घासून क्लोरीनच्या पाण्याने धुवावी आणि पंप चालू राहिला असल्यास गच्चीवरची टाकीही तशीच धुऊन घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जंतू आढळला होता. म्हणून टाकी धुवून होईपर्यंत दात घासण्यासाठीही कॅनमधलेच पाणी घ्यावे.