वाचक विचारतात : ओट्सचा लगदा का होतो?

नाश्त्याच्या पदार्थांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत ओट्सबद्दलची पत्रं सर्वांत जास्त निघाली आणि बहुतेकांची तक्रार एकच: चिकट होतात, बुळबुळीत लागतात. म्हणून या वेळचं पान ओट्सलाच दिलं आहे. उत्तरांत वाटी म्हणजे १५० मिलीची आमटीची वाटी. चपट्या ओट्सनी ती सपाट भरली तर साधारण ५० ग्रॅम होतात. स्टील कट, म्हणजे अख्ख्या दाण्याचे नुसते तुकडे केलेले ओट्स, तेवढ्याच वाटीत १०० ग्रॅमच्या आसपास मावतात. कृतीत कुठले ओट्स सांगितले आहेत ते आधी बघा, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

प्रश्न : ओट्सचा उपमा रव्याच्या उपम्यासारखाच करते, तरी तो गिचका होतो. डब्यात नेला तर दुपारी वडी कापावी असा घट्ट झालेला असतो. काय चुकतं? (परळ)

रव्यासारखा करता, तिथेच चुकतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. गरम पाण्यात तो सुटतो आणि पाणी बुळबुळीत करतो. त्यात ओट्समधला स्टार्च फुगतो आणि आपण उलथन्याने घोटत राहिलो की दाणे मोडून आणखी स्टार्च बाहेर येतो. पाणी जास्त आणि ढवळणं जास्त, की लगदा ठरलेला.

एका वाटीला एक लहान चमचा तेल किंवा तूप घेऊन ओट्स मंद आचेवर ६-७ मिनिटं भाजा. रंग फार बदलू द्यायचा नाही. खमंग वास आला आणि पाकळी बोटांत कुरकुरीत मोडली की पुरे. भाजल्याने वरचा थर कोरडा होतो आणि तेलाच्या पुटामुळे पाणी हळू शिरतं. भाजलेले ओट्स ताटात काढून ठेवा. त्याच कढईत मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरचीची फोडणी करा. कांदा, मटार, गाजर वाफेवर पूर्ण शिजवून घ्या, कारण ओट्स घातल्यावर भाजी शिजायला वेळ मिळत नाही. आता पाणी. पातळ, लवकर शिजणाऱ्या ओट्सना वाटीला पाऊण वाटी, जाड पाकळीच्या ओट्सना एक वाटी. मीठ पाण्यातच घाला. पाणी खळखळून उकळलं की ओट्स घालून दोनदा वरखाली करा आणि झाकण ठेवा. मंद आचेवर २ मिनिटं, मग गॅस बंद करून ५ मिनिटं झाकण न उघडता ठेवा. नंतर काट्याने मोकळं करा, उलथन्याने नाही. लिंबू आणि कोथिंबीर सगळ्यात शेवटी.

डब्याचं दुखणं मात्र या कृतीनेही पूर्ण जात नाही. ओट्स गार होतानाही पाणी ओढत राहतात आणि स्टार्च गार झाला की घट्ट बसतो. साडेआठच्या लोकलला निघून एक वाजता डबा उघडायचा असेल, तर चपटे ओट्स सोडा आणि स्टील कट घ्या. अर्धी वाटी दाणे कोरडेच भाजून ४ वाट्या उकळत्या खारट पाण्यात १८ ते २० मिनिटं झाकण न ठेवता शिजवा आणि चाळणीत ओता. चिकटपणाचा बराच भाग पाण्याबरोबर निघून जातो. चाळणीतच पाच मिनिटं निथळू द्या आणि मग फोडणीत परता. दाणा मोकळा राहतो, दुपारीही. पाण्याबरोबर विरघळणारा तंतूही थोडा जातो, पण ते पाणी आमटीत वापरता येतं.

प्रश्न : दुधातले ओट्स करताना पाणी घालावं की नुसतं दूध? आणि गूळ घातला की दूध फाटतं, त्याला उपाय? (गिरगाव)

आधी पाणी, मग दूध. ओट्स दुधात सावकाश मऊ होतात आणि तेवढ्या वेळात दूध तळाला लागतं. एक वाटी जाड ओट्स, दीड वाटी गार पाणी आणि चिमूटभर मीठ एकत्र गॅसवर ठेवा. उकळी आल्यावर मंद आचेवर ५ मिनिटं शिजवा, मग एक वाटी गरम दूध घालून आणखी २-३ मिनिटं. पातळ ओट्सना यातला वेळ निम्मा. गार पाण्यापासून सुरुवात केली की खीर जास्त मलईदार होते. दाणे वेगळे हवे असतील तर ओट्स उकळत्या पाण्यात सोडा.

मीठ टाळू नका. गोड खिरीतही ते लागतं, नाहीतर ओट्स पिठूळ, बेचव लागतात. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात १९९४ पासून ओट्सच्या लापशीची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं, दूध-साखर काही नाही. आपल्याला तेवढं सोवळं पाळायचं कारण नाही.

गूळ थोडा आम्ल असतो आणि उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. गॅस बंद करा, ४-५ मिनिटं थांबा, मग बारीक चिरलेला गूळ ढवळून घाला आणि भांडं परत गॅसवर चढवू नका. स्ट्रॉबेरीसारखी आंबट फळं खीर कोमट झाल्यावर वरून घालावीत. कच्चा अननस दुधात घालून ठेवू नका, खीर कडवट होते.

प्रश्न : स्टील कट ओट्स कुकरमध्ये लावले तर शिट्टीतून फेस उडतो, ओटा भरतो. (मुलुंड)

ओटा पुसता येतो. शिट्टीखालची नळी फेसाने बुजली तर ते धोक्याचं आहे. म्हणून ओट्स थेट कुकरमध्ये न शिजवता वरणभातासारखे डब्यात लावा. अर्धी वाटी ओट्स, दीड वाटी पाणी, अर्धा चमचा तूप. डबा निम्म्याहून जास्त भरू नका, वर ताटली ठेवा आणि कुकरच्या तळाला नेहमीसारखं पाणी घाला. ४ शिट्ट्या, मग मंद आचेवर १० मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं सगळं उसळून वर येतं. रात्री भिजवलेले असतील तर २ शिट्ट्यांनंतर ५ मिनिटं पुरतात. तूप फेस कमी करतं, म्हणून ते गाळू नका.

मायक्रोवेव्हमध्येही हाच फेस त्रास देतो. तिथे ओट्स आणि पाणी मिळून होईल त्याच्या चौपट मोठा वाडगा घ्या आणि निम्म्या पॉवरवर शिजवा.

प्रश्न : वडिलांचं वय ७६. कवळी नीट बसत नाही आणि गोड ओट्स त्यांना नको असतात. तिखटात मऊ असं काय करता येईल? (विलेपार्ले)

उकड करा. ओट्सचा जो बुळबुळीतपणा उपम्यात नको असतो, तोच इथे हवा असतो. आमच्या मते मराठी स्वयंपाकघरात ओट्सला सर्वांत शोभणारा पदार्थ हाच आहे, तांदळाच्या उकडीचा अभिमान असणाऱ्यांनी रागावू नये.

अर्धी वाटी ओट्स मिक्सरमध्ये तीन-चार झटके देऊन जाडसर दळा. पाऊण वाटी गार, आंबट ताकात गुठळी न होता कालवा आणि १० मिनिटं ठेवा. दोन लहान चमचे तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या ४ लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची, कढीपत्ता आणि हळद घाला. वडिलांना मिरची दाताखाली नको असेल तर ती उभी चिरून घाला आणि नंतर काढून टाका. त्यावर एक वाटी पाणी आणि मीठ घालून उकळा. आच मंद करून ताकातलं मिश्रण ओता आणि ४-५ मिनिटं सतत ढवळा. ताक उकळत्या पाण्यात एकटं घातलं तर फुटतं. ओट्समध्ये कालवलेलं असलं की सहसा फुटत नाही. झाकण ठेवून २ मिनिटं वाफ आणा आणि वाढताना वर चमचाभर कच्चं तेल घाला. एवढ्या पाण्यात उकड चमच्याने खाण्याइतकी सैल होते. घट्ट हवी तर पाणी अर्धी वाटी घ्या. वाढायला उशीर झाला तर ती आळते. अशा वेळी गरम पाणी घालून सैल करा, गार पाण्याने गुठळ्या होतात.

रात्रीच्या जेवणाला मुगाच्या डाळीची मऊ खिचडीही चालेल. अर्धी वाटी डाळ कुकरला पूर्ण शिजवून घोटा. मग अर्धी वाटी ओट्स आणि दोन वाट्या गरम पाणी घालून ५ मिनिटं उघड्यावर शिजवा. दोन्ही एकत्र कुकरला लावले तर ओट्स तळाला करपतात. जेवताना ठसका लागतो असं वारंवार होत असेल, तर अन्न किती पातळ असावं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : पीजीमध्ये राहतो, सकाळी गॅस मिळत नाही. रात्री दूध-दह्यात ओट्स भिजवून टेबलावर ठेवतो, पण सकाळी आंबट वास येतो. (अंधेरी)

मुंबईच्या हवेत दूध रात्रभर बाहेर ठेवायचं नाही. वास आला तर ते फेकून द्या. फ्रिज असेल तर पाऊण वाटी जाड ओट्स, पाऊण वाटी उकळून गार केलेलं दूध आणि ३ मोठे चमचे दही झाकणाच्या बरणीत घालून ६ ते ८ तास आत ठेवा. दोन दिवसांत संपवा. पातळ ओट्स रात्रभरात चिखल होतात आणि स्टील कट चिवट राहतात, म्हणून इथे जाड पाकळीच घ्या. फ्रिज नसेल तर रात्री भिजवूच नका. सकाळी पातळ ओट्स इलेक्ट्रिक किटलीतल्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं झाकून ठेवा आणि वर केळं कुस्करा.

ही पद्धत नवी नाही. झुरिकचे डॉक्टर बिर्खर-बेन्नर १९०० च्या सुमाराला रुग्णांना असंच देत. त्यात ओट्स जेमतेम एक मोठा चमचा, ३ चमचे पाण्यात रात्रभर भिजवलेले. मुख्य भाग किसलेल्या सफरचंदाचा, सोबत लिंबाचा रस, आटवलेलं गोड दूध आणि सुक्यामेव्याची पूड. फळ भरपूर आणि ओट्स थोडे हे प्रमाण आजही करून बघण्यासारखं आहे.

प्रश्न : ओट्सची थालीपीठं उलटताना तुटतात आणि डोसे तव्याला चिकटून बसतात. (भांडुप)

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ धरून राहत नाही. नुसत्या ओट्सचं थालीपीठ लावायचा हट्ट सोडा. दोन वाट्या भाजणीला एक वाटी ओट्सचं पीठ एवढंच ठेवा. ओट्स भाजून, पूर्ण गार करून मगच दळा, गरम दळले तर मिक्सरच्या भांड्यात गोळे धरतात. कोमट पाण्याने नेहमीपेक्षा सैल भिजवून १० मिनिटं थांबा. ओट्सचं पीठ पाणी उशिरा ओढतं आणि सुरुवातीला बरोबर वाटलेला गोळा नंतर कोरडा पडून कडेने चिरतो. ओल्या फडक्यावर थापा, भोकं पाडा, तेल सोडा, झाकण ठेवा. कडा सुटल्याशिवाय उलथनं खाली घालू नका.

डोशाला एक वाटी ओट्सचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, पाव वाटी बारीक रवा, २ चमचे दही आणि अडीच ते तीन वाट्या पाणी. पीठ रवा डोशासारखं पाणीदार हवं. ते पळीने पसरायचं नाही, तापलेल्या तव्यावर वरून ओतायचं. घट्ट पीठ हेच चिकटण्याचं मुख्य कारण. प्रत्येक डोशाआधी तळापासून ढवळा, कारण रवा खाली बसतो. एक बाजू ३ मिनिटं होऊ द्या.

प्रश्न : कोलेस्टेरॉल कमी व्हावं म्हणून रोज दोन चमचे ओट्स दुधातून घेते. पुरेल का? (दादर)

नाही. त्यासाठी सांगितलं जाणारं प्रमाण दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन आहे आणि ते मिळायला साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. म्हणजे दिवसभरात दीड वाटी. एका वेळी एवढं जात नाही, तेव्हा निम्मे सकाळी आणि निम्मे थालीपिठात किंवा उकडीत घ्या. हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं. पाणीही वाढवा. औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेह असणाऱ्यांनी झटपट ओट्सऐवजी स्टील कट किंवा जाड पाकळी निवडावी, त्यांनी साखर सावकाश वाढते.

प्रश्न : मसाला ओट्सची पाकिटं रोज चालतील? (कुर्ला)

रोज नको. पाकिटावर सोडियमचा आकडा वाचा, आणि तो १०० ग्रॅमचा आहे की एका पाकिटाचा हेही बघा. मोठ्या माणसाला दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियमची आहे. साधे ओट्स घेऊन घरचा गोडा मसाला घातला तर मीठ आपल्या हातात राहतं.

प्रश्न : पावसाळ्यात ओट्स कडू लागतात, कधी जाळीही धरते. डब्यात तर घट्ट बंद करून ठेवते. (वर्सोवा)

दोन वेगळी कारणं आहेत. गहू-तांदळापेक्षा ओट्समध्ये स्निग्धांश बराच जास्त असतो. कारखान्यात ओट्स वाफवतात ते स्निग्धांश खवट करणारी विकरं निकामी करण्यासाठीही, पण पाकीट उघडल्यावर हवा आणि दमटपणा आपलं काम सुरू करतातच. कडवट चव आणि जुन्या तेलासारखा वास आला की ओट्स टाकून द्या, भाजून ते सुधारत नाहीत. किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. जून ते सप्टेंबर ५०० ग्रॅमचं आणा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा उघडा राहू दिला तर आत दव धरतं. तेव्हा कोरड्या चमच्याने लागतील तेवढे काढून लगेच बंद करा.

जाळी मात्र किड्यांची असते आणि त्यांची अंडी बहुधा पाकिटाबरोबरच घरी येतात, म्हणून घट्ट झाकणाचा उपयोग होत नाही. नवं पाकीट न उघडता फ्रीझरमध्ये ४ दिवस ठेवा, मग बाहेरच्या तापमानाला आल्यावर उघडून डब्यात भरा. जाळी धरलेले ओट्स चाळून वापरू नका. तो डबा आणि त्याचं झाकण गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. ऊन नसेल तर पुसून रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा आणि शेजारचे रव्याचे, शेंगदाण्यांचे डबेही तपासा.