नव्या गाडीतील एडास वापरण्यापूर्वी

नव्या गाडीबद्दल मनापासून अभिनंदन. तुम्ही एडासविषयी, म्हणजे चालकाला गाडी चालवताना मदत करणाऱ्या यंत्रणेविषयी (ADAS), विचारलेत, म्हणून अनुभवाचे सांगतो. बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा समोरच्या काचेमागील कॅमेरा आणि पुढच्या बाजूचे रडार यांच्या आधारे रस्ता पाहते. म्हणून काच बदलावी लागली, तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, आणि रडारसमोर हौसेने गार्ड तर मुळीच बसवू नका.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पट्टे ठळक आणि रहदारी विरळ असेल, तेव्हा अडॅप्टिव्ह क्रूझचा, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणाऱ्या सोयीचा, खरा उपयोग होतो. मात्र खोपोलीच्या अलीकडे एकदा डावीकडून एक टेम्पो अचानक आत शिरला, माझ्या गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला, आणि मागचा ट्रक इतका जवळ येऊन थांबला की आरशात त्याच्या पुढच्या जाळीखेरीज काहीच दिसेना. तेव्हापासून रहदारी दाटू लागली की मी क्रूझ बंद करतो आणि आरशावरची नजर ढळू देत नाही.

घाटात मुसळधार पाऊस किंवा दाट धुके असले, की कॅमेऱ्याला दिसत नसल्याची सूचना येऊन यंत्रणा नेमकी गरजेच्या वेळी बंद पडू शकते. गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवणाऱ्या लेन असिस्टवरही पूर्ण विसंबू नका: इंडिकेटर न देता खड्डा चुकवू लागलात, तर स्टिअरिंग उलट ओढल्यासारखे जाणवते, तेव्हा घाबरून हात सैल सोडू नका. शहरात ते बंद ठेवले तरी चालेल. धडक टाळण्यासाठी आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र कृपया चालूच ठेवा.