कुत्र्यांची चित्रं काढून पोट भरतं का?

प्रश्न: माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. लोकांनी पाठवलेल्या फोटोंवरून ती त्यांच्या कुत्र्यांची चित्रं पेन्सिल आणि जलरंगांत करून देते. एका चित्राला 14 तास लागतात, 500 रुपये घेते. आता म्हणते, हेच करणार, पुढे शिकायचं नाही. हे म्हणतात, कुत्र्यांची चित्रं काढून पोट भरतं का? सोबत तिची तीन चित्रं पाठवली आहेत. – एक आई, डिचोली

ताई,

चित्रं निवांत पाहिली. हात चांगला आहे. काळ्या कुत्र्याला तिनं ट्यूबमधला काळा फासलेला नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून काळा केलाय, म्हणून कानापाशी निळसर झाक दिसते. डोळ्यातला चमकता ठिपका म्हणजे कोरा सोडलेला कागद. हे कुणी शिकवलं नसेल तर विशेषच. तिसऱ्या चित्रात मात्र नाक भलतंच मोठं आलंय. तो दोष फोटोचा. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक फुगतं. मालकांना सांगायचं, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, दोन पावलं मागे सरा, खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश नको. फोटो त्यांनी स्वतः काढलेला असावा. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवर दुसऱ्याचा हक्क असतो.

खरी कसोटी गेलेल्या कुत्र्याची. एकच धूसर फोटो घेऊन माणूस येतो आणि चित्रात त्याला त्याचा टिपू दिसायला हवा असतो. तेव्हा रंगांआधी विचारावं लागतं, कुठला कान पडलेला असायचा, पट्टा कुठल्या रंगाचा होता. मग पेन्सिलीचं रेखाटन दाखवून होकार घ्यायचा आणि त्यानंतरच ब्रश उचलायचा, कारण जलरंग खोडता येत नाही. अर्धे पैसे आगाऊ.

आता हिशेब. 500 मधून कागद, रंग, कुरिअरचे 150 धरून वजा केले तर 350 उरतात. तासाला 25 रुपये. या भावात यांचं म्हणणं खरंच आहे! पुढची दोन चित्रं 1500 ला सांगून बघा. शेजारीपाजारी नाकं मुरडतील, पण हणजूणच्या बुधवारच्या बाजारात फिरणारं पर्यटक गिऱ्हाईक वेगळं. तो बाजार मात्र पावसाळ्यात नसतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत चांगल्या कागदालाही बुरशी धरते. म्हणजे वर्षाचे काही महिने हात आखडणारच.

म्हणून शिक्षण सोडू नये. पणजीत आल्तिन्होवरचं गोवा कला महाविद्यालय 1972 पासून आहे. तिथली पदवी चार वर्षांची. पात्रता आणि प्रवेशपरीक्षा आत्ताच बघून घ्या. मी तिला चित्रकलेपेक्षा उपयोजित कला सुचवेन. पुस्तकांची, वेष्टनांची, जाहिरातींची कामं तिथून मिळतात, आणि कुत्र्यांच्या ऑर्डरी शनिवार-रविवारी चालूच राहतील. ती आपल्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं नाव पुढे करेल, त्यांच्या चित्रांत तर जागोजागी कुत्रे. पण तेही इतिहास घेऊन बी.ए. झाले आणि व्यंगचित्रकार म्हणून नाव होण्याआधी जाहिरात कंपनीत नोकरी केली, एवढं तिला सांगा.

यांना सध्या फक्त काळ्या कुत्र्याचं चित्र दाखवा. नाकवालं नको.