सातबाऱ्यावरचं जंगल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

कोकणातल्या दुर्मिळ प्राण्यांवर मागे लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांचा सूर एकच होता: वनखातं काय करतंय? त्यांना नंतर उत्तर देईन. आपल्याकडे, खास करून रत्नागिरी जिल्ह्यात, बहुतेक सगळं जंगल खासगी मालकीचं आहे. खवले मांजराचं बीळ म्हणा, धनेशाची ढोली म्हणा, कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच निघते. त्यामुळे ‘मी काय करू?’ असं विचारणारी पत्रं आधी घेतली आहेत.

आमच्या माडाच्या वाडीपुढे पहाटे वाळूत ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसला. कासव येऊन गेलं होतं. इथे भटकी कुत्री फार. अंडी काढून घरामागे वाळूच्या टबात उबवली तर चालेल का? (दापोली तालुका)

नाही चालणार. तुमची तळमळ कळते, पण टब नको.

मादी मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा काढते. तोंड अरुंद, पोट फुगीर, थेट मडक्याचा घाट. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि अंग आपटून ती दाबून बसवते. अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं, कलंडलं तर पिल्लू आतच मरतं. कासवमित्र (घरटी राखणारे गावातलेच लोक) अंडी हलवतात, पण त्या मुदतीच्या आत, एकेक अंडं न फिरवता, आणि हॅचरीत (किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत) तेवढ्याच खोलीचा तसाच खड्डा करून. तुम्हाला माग पहाटे दिसला, म्हणजे मुदत संपतच आली होती.

टबाची दुसरी भानगड उन्हाची. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू थंड असली तर नर जास्त, गरम असली तर माद्या. फारच तापली तर काहीच नाही. पंचेचाळीस ते साठ दिवस टबातली वाळू एका तापमानाला राखणं घरच्या माणसाला जमणारं नाही.

करायचं काय? जागेवर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घाला, वर दगड ठेवा. माग पायाने पुसून टाका, कारण तो जसा तुम्हाला दिसला तसा अंडी चोरणाऱ्यालाही दिसतो. मग गावच्या कासवमित्राला हाक मारा, नाहीतर वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी घरी नेणं हा गुन्हाच, हेतू कितीही चांगला असो.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. नोव्हेंबर ते मार्च वाडीतला समुद्राकडचा दिवा रात्री बंद ठेवा. उजेड दिसला तर मादी अर्ध्या वाटेवरून परत फिरते, आणि पिल्लं पाण्याऐवजी तुमच्या पडवीकडे चालत येतात. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं दुखणं याहून मोठं आहे. जिथे दगड रचले तिथे घरट्याला वाळूच उरत नाही. पण तो विषय ग्रामसभेत काढावा लागेल, एकट्याच्या हातातला नाही.

वेळासला 2002च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन राखण सुरू केली, आणि 2006 पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला आलेले पाहुणे घरांत उतरतात, आमटी-भात, मोदक खातात. गावाला चार पैसे मिळाले म्हणून अंडी टिकली, हे मान्य करायला मला तरी कमीपणा वाटत नाही.

जाळ्यात कासव आलं की ‘जाळा कापूक सांगतत, पैशे कोण देतलो?’ भरपाईचं ऐकलंय ते खरं का? (मालवण)

खरं आहे. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवताना जाळं फाटलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याच्या वनविभागातल्या कांदळवन कक्षाने डिसेंबर 2018 मध्ये सुरू केली. कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी (म्हणजे व्हेल शार्क) सगळे त्यात येतात. प्राणी जाळ्यात असताना आणि सोडताना, असे दोन्ही फोटो किंवा व्हिडिओ लागतात. इथेच गाडं अडतं. हात ओले, होडी हलतेय, अंधार, आणि तांडेल (होडीचा म्होरक्या) खेकसतोय. म्हणून खलाशांपैकी एका पोराला हेच काम आधीपासून नेमून द्या. त्याचा मोबाइल पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत असू दे.

कासव निपचित असेल तर मेलं म्हणून फेकू नका. बराच वेळ पाण्याखाली अडकल्याने त्याच्या छातीत पाणी गेलेलं असतं. त्याला पोटावरच ठेवा, पाठीवर कधीही नको. मागची बाजू फळीवर किंवा टायरवर थोडी उचला म्हणजे तोंडातून पाणी निथळेल. ओलं फडकं टाका, सावलीत ठेवा आणि वाट बघा. काही तासांनी हललेली कासवं मी पाहिली आहेत. हलायला लागलं की इंजिन बंद करून पाण्यात सोडा, वरून टाकू नका.

जाता जाता एक गोष्ट. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, असं आम्ही मंडळी वर्षानुवर्षं सांगत आलो. मग 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी 2025च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेली. तुमच्या जाळ्यातलं कासव कुठून आलंय आणि कुठे चाललंय, हे सांगायला आता मी धजत नाही.

आमच्या वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीतली झाडं ठेकेदार एकगठ्ठा मागतोय. त्यात एक म्हातारा बेहडा आहे, त्याच्या ढोलीत दरवर्षी गरुड (तुम्ही धनेश म्हणता तो) असतो. मुलीचं लग्न आहे, पैसे तर हवेत. काय करावं? (संगमेश्वर)

या पत्राला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तुम्ही बेहड्याचा उल्लेख केलात, म्हणजे तुमचं मन त्यात अडकलंय.

त्या ढोलीत काय चालतं ते आधी सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट उरते. आत तिची पिसं झडतात, म्हणजे ती उडूही शकत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत तिचं पोट पूर्ण नरावर. तो उंबर, वड, पिंपळाची फळं गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक काढून देतो. झाडाखाली उभं राहून वर बघण्याआधी पायाखाली बघा. बियांचा सडा पडलेला असेल, त्यातल्या काही रुजून कोंबही आलेले असतील. ढोलीत वस्ती आहे की नाही हे ओळखायची माझी हीच खूण. दुर्बीण पिशवीतच राहते.

आता तारखांचा मेळ घाला. कोकणात झाडतोड चालते पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत. धनेश ढोलीत असतो तोही याच काळात. झाड पडलं तर मादी आणि पिल्लू जागीच संपतात. बाहेरचा नर वाचला तरी त्या वर्षाची वीण गेली. आणि दुसरी ढोली सहजासहजी मिळत नाही, कारण एवढी मोठी ढोली धरायला झाडाचं वय काही पिढ्यांचं लागतं. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडलेल्या, कुजलेल्या जागी जी तयार होते तीच.

तर माझा सल्ला असा. एकगठ्ठा सौदा करू नका. ठेकेदाराला एकगठ्ठाच हवं असतं, कारण त्यात मोजणी नसते आणि त्याचा फायदा त्यालाच होतो. झाडं मोजा, घेर घ्या, विकायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा आणि तेवढीच करारात आकड्यासकट लिहा. ढोल असलेली झाडं, ओढ्याकाठची झाडं आणि वड-उंबर वगळा. ढोल असलेल्या बेहड्याचं लाकूड आतून पोकळ असतं, त्याचा भाव ठेकेदार तसाही जळाऊ म्हणूनच लावणार. म्हणजे जे झाड राखायचं ते विकून तुम्हाला फारसं मिळणार नव्हतंच. ठेकेदाराशी बोलताना हे आधी काढा.

परवानगीचंही बघा. 1964च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचित झाडांना परवाना लागतो. ‘कागदपत्रांचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणेल. म्हणू दे. नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला.

आणि झाडं गेलेल्या जागी जेसीबीने सगळं साफ करून काजू लावायचा बेत असेल, तर मधला एखादा पट्टा रानटीच राहू द्या. त्यावर पुढच्या पत्रात भांडू.

रानडुकरं भात, वरी, कंद काही ठेवत नाहीत. शेजारी फासकी (तारेचा फास) लावतो. गेल्या वर्षी त्यात बिबट्या अडकला. फासकी जनावराला मारत नाही, धरून ठेवते, असं तो म्हणतो. (लांजा)

शेजाऱ्याला सांगा, धरून ठेवणं आणि मारणं यात इथे फार अंतर नसतं. मोटरसायकलची क्लचवायर बिबट्याच्या कमरेला बसते. तो जितका ओढतो तितकी ती आत रुतते. वरून एक लाल रेघ दिसते, तेवढीच. आतली इजा कळायला पोट तपासावं लागतं. पिंजऱ्यात घेताना डरकाळ्या फोडणारा बिबट्या दोन दिवसांनी मेला, असं झालेलं आहे. फासकी डुकरासाठी लावली की बिबट्यासाठी, हे तारेला कळत नाही आणि कायदाही ते विचारत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मेला तर शिक्षा तीन ते सात वर्षं.

डुकरांचा त्रास खोटा नाही. रात्रीत उभं शेत लोळवलेलं मी पाहिलंय. पीकनुकसानीची भरपाई मिळते, मात्र लगेच कळवा आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा. भरपाई नुकसानीएवढी नसते, हे कबूल. चार-पाच जणांनी मिळून सौरकुंपण घातलं तर खर्च वाटला जातो. डुकराला झटका बसतो, जीव जात नाही. घरातली थेट वीज कुंपणात सोडणाऱ्यांबद्दल मी लिहितच नाही. त्यात माणसंही मेली आहेत.

जाता जाता विहिरीला कठडा बांधा. बिबट्या भक्ष्यामागे धावताना आत पडतो, आणि मग अख्खा गाव मोबाइल घेऊन काठावर.

आमच्याकडे पूर्वी ढोर मेलं की गिधाडं उतरायची. आता म्हसळ्याकडेच दिसतात म्हणे. गुरं पाळणाऱ्याने काय करावं? (श्रीवर्धन)

डॉक्टरांना एकच विचारा: सुई कसली? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक 2023 मध्ये. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं आणि गुरांचा तापही उतरवतं. माणसांच्या दुकानातून डायक्लोफिनॅक आणून गुराला टोचू नका. मेलेल्या ढोरावर कीटकनाशकही टाकू नका.

घरामागे रात्री खवले मांजर येतं. कुणाला तरी कळलं, आणि दोन अनोळखी माणसं येऊन ‘जिवंत असेल तर लाखांत देऊ’ म्हणाली. (चिपळूण)

त्यांच्या गाडीचा नंबर लिहिला असेल तर आजच वनविभागाला द्या.

खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखाचाच पदार्थ. त्यात औषध काही नाही. चीननेही 2020 मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून ते वगळलं. लाखांचे आकडे गावोगाव फिरवले जातात, पण पकडला जातो तो गावातला माणूस. आकडा सांगणारा तोवर गायब झालेला असतो.

हे जनावर मुंग्या-वाळवी खाऊन जगतं. वर्षाला बहुधा एकच पिल्लू, ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. घाबरलं की चेंडूसारखं गुंडाळतं. बिबट्याला ते उलगडत नाही. माणसाला उलगडायची गरजच नसते, तो तसंच पोत्यात भरतो. म्हणून एकदा कळलं की संपलं.

तुम्ही फोटो काढला असेलच. तो गावच्या ग्रुपवर टाकू नका, टाकलाच असेल तर गावाचं नाव काढा. बिळावर माती लोटू नका आणि वारुळं राहू द्या. कुत्रं रात्री बांधा. तुमच्याच तालुक्यात डुगवे गावाने शिमग्यात खवले मांजराची पालखी काढली होती. पालखी निघाल्यावर गावात त्याची पोती भरायला कोण धजेल, असा तो हिशेब. मला पटतो.

काका, मी सातवीत आहे. महोत्सवात कासवाची पिल्लं वाळूवर का सोडतात? ती दमतात. उचलून पाण्यात ठेवली तर काय होईल? (गुहागर)

दमतात हे खरं, पण ती चाल त्यांच्या कामाची असते. चालताना त्यांचे हातपाय मोकळे होतात आणि आपला किनारा कोणता याची खूणही त्यांना तिथेच पटते, असं मानतात. मोठी झालेली मादी बहुधा त्याच भागात अंडी घालायला परत येते. तू उचललंस तर ती पाण्यात पोचतील, पण वाळू चुकेल.

तू एक काम कर. पिल्लं सुटायच्या आधी त्यांच्या वाटेवरचे पावलांचे खड्डे हाताने सारखे कर. आपल्याला तो पायाचा ठसा वाटतो, त्यांना ती विहीर असते.